जुना लेथ घरी आणलात? या चुका टाळा

भोसरी असो, शिरोली असो की कोल्हापूरचं उद्यमनगर, छोट्या वर्कशॉपात सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आलं की कोपऱ्यातला जुना लेथ (धातू फिरवत कातण्याचं यंत्र) किलोच्या भावानं भंगारात जातो. त्यात कधी हरिहरचा किर्लोस्कर निघतो, कधी बंगळूरचा एचएमटी, पण बहुतेक वेळा राजकोटचा किंवा बटाल्याचा, पट्ट्यावर चालणारा. घरच्या शेडमध्ये हौसेनं काम करायला यातला कुठलाही चालतो. मात्र टर्नरच्या हाताखाली चाळीस वर्षं टिकलेलं मशीन नव्या मालकाकडे पहिल्याच महिन्यात मोडलेलं मी पाहिलंय. त्यातली एक मोडतोड माझ्याच हातची आहे, ती पुढे येईलच.

ताज्या रंगाला भुलणं

विक्रीआधी जुन्या लेथला हिरवा किंवा राखाडी हात मारतातच. रंगाकडे बघूच नका, बेडकडे बघा, म्हणजे ज्यावर सगळं सरकतं त्या बिडाच्या पायाकडे. बेड सगळ्यात जास्त झिजतो तो चकाजवळ (काम धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ), कारण नव्वद टक्के कामं तिथेच होतात. सॅडल (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकाजवळ आणून त्याची गिब (सैलपणा घालवणारी पट्टी) नीट बसेल इतकी आवळा आणि मग सॅडल टेलस्टॉकच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या, दिशेनं सरकवा. वाटेत जाम झाला, तर झीज किती आहे ते तुमच्या हातालाच कळलं. थोडी झीज असली म्हणून सौदा मोडू नये. बॅक गिअरचे (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरचे) दात तुटलेले असतील किंवा चेंज गिअर (आटे पाडताना बदलायचे) हरवलेले असतील, तर मात्र भाव पाडा. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंची असेल आणि मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील, तर १२७ दातांचं गिअर आहे का तेही विचारा. ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिमी, म्हणून ते गिअर लागतं.

उतरवताना दोर लीड स्क्रूला गुंडाळू नका. तो वाकला तर सरळ होणं कठीण. दोर बेडखालून घ्या. हेडस्टॉककडे (चक फिरवणाऱ्या टोकाकडे) वजन जास्त असतं, त्यामुळे पाइपांवरून सरकवतानाही लेथ पटकन कलंडतो.

आल्या दिवशी पाना हातात घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. लेथ चालतो कसा ते न बघता माणसं रात्रभरात तो सुटा करतात. आधी भोकाभोकांत तेल घाला, हातानं फिरवा, मग सगळ्यात कमी वेगावर चालवा. चकाजवळ स्पिंडलच्या (चक ज्यावर बसतो त्या फिरत्या दांड्याच्या) नाकावर डायल गेज लावा आणि पहारीनं स्पिंडल हलकेच वर रेटा. काटा एखाद-दुसरा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हलला, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमी, तर बेअरिंगला हातही लावू नका.

जुन्या लेथच्या बेअरिंगमध्ये बहुधा गनमेटलचे किंवा व्हाइट मेटलचे बुश (स्पिंडलभोवतीची मऊ धातूची अस्तरं) असतात आणि कॅपखाली पातळ शिमच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांवरच स्पिंडलची मोकळीक ठरलेली असते. ‘कचरा निघाला’ म्हणून फेकून दिल्या की कॅप आवळताच स्पिंडल अडकतो, नाहीतर बुश जळतो. कॅप उघडायचीच वेळ आली, तर कुठल्या बाजूला किती पट्ट्या होत्या ते लिहा आणि फोटो काढा.

‘चक वाकडा फिरतोय, म्हणजे बेअरिंग गेलं’ हाही घाईचाच निष्कर्ष. जुना तीन जबड्यांचा चक पाच-दहा शतांश मिलिमीटर सहज हलतो. चक काढून डायल थेट स्पिंडलच्या नाकावर लावा. तिथे काटा स्थिर असेल तर दोष चकात आहे. तो खोला, आतल्या चकतीतला कीस काढा आणि जबडे १, २, ३ याच क्रमानं बसवा.

बेड चकचकीत करणं

अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून बेड आरशासारखा करणारे महाभाग आहेत. बेडवरच्या स्क्रेपिंगच्या खुणा बावळट दिसतात, पण तेल त्यांच्यातच टिकतं. पॉलिश पेपरनंही हेच नुकसान होतं, फक्त सावकाश: त्याची खर बिडाच्या छिद्रांत बसते आणि सॅडलखाली वर्षानुवर्षं घासत राहते. वरवरच्या गंजावर रॉकेल किंवा डिझेल टाकून रात्रभर ठेवा आणि जुन्या ब्लेडनं आडवं धरून खरवडा. काळा डाग उरला तर उरू द्या, त्यानं मापात काही फरक पडत नाही.

तेलाच्या भोकात ग्रीस भरणं हीसुद्धा नेहमीची चूक. ग्रीस आत जाऊन घट्ट होतं आणि मागून येणाऱ्या तेलाची वाट बंद करतं. बेडला ६८ नंबरचं तेल आणि बुशच्या स्पिंडलला त्याहून पातळ, ३२ नंबर किंवा खालचं, एवढं पुरतं. मोटारसायकलचं इंजिन तेल नको, कारण ते मळ खाली बसू न देता सोबत फिरवत राहतं.

अडकलेला चक आणि बॅक गिअर

आट्यावर बसणारा चक वर्षानुवर्षं निघालेला नसतो. मग बॅक गिअर लावून, पुली आणि मोठं गिअर जोडणारी पिनही तशीच ठेवून स्पिंडल लॉक करतात आणि चकावर हातोडा घालतात. चक निघत नाही, गिअरचा दात निघतो. त्यापेक्षा बेडच्या मागच्या बाजूला जबड्याखाली सागाचा ठोकळा ठेवा आणि पट्टा हातानं उलटा ओढून झटका द्या. आधी दोन दिवस आट्यात तेल मुरू द्या.

मोटार आणि ड्राइव्ह

घरी सिंगल फेज असतं, म्हणून हल्ली सगळे व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटार चालवणारा ड्राइव्ह) लावतात. उत्तम. पण दोन एचपीपर्यंतच्या थ्री फेज मोटारी आपल्याकडे बहुधा ४१५ व्होल्टच्या, स्टार जोडणीच्या असतात आणि सिंगल फेजवरचा ड्राइव्ह देतो २३० व्होल्ट. तशीच जोडली तर मोटार फिरते, पण जोर जेमतेम एक तृतीयांश उरतो आणि कट घेताच थांबते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर डेल्टा करा. तीनच असतील, तर वाइंडरकडून आतला स्टार पॉइंट उघडून घ्या. जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्ह आणि मोटारीच्या मध्ये ठेवू नका. चालू असताना तो फिरवला की ड्राइव्ह जळतो.

आता माझी चूक. ड्राइव्हमध्ये थांबायचा वेळ मी एक सेकंद ठेवला होता. स्पिंडल झटक्यात थांबला, आठ इंची चक आपल्या वेगानं फिरत राहिला, आट्यावरून सुटला आणि बेडवर आदळला. बेडला पडलेला खड्डा अजून आहे. आट्याच्या चकाला पाच-सहा सेकंद द्या आणि उलट दिशेला कट घेऊ नका.

लेव्हल आणि टेपर

लेथ पाण्याच्या पातळीत असलाच पाहिजे असं नाही, पण बेडला पीळ नको. ४० मिमीचा बार १५० मिमी बाहेर ठेवून, टेलस्टॉकचा आधार न देता दोन टोकांना बारचेच दोन उंच पट्टे ठेवा आणि क्रॉस स्लाइड (हत्यार आत-बाहेर नेणारा भाग) न हलवता दोन्हींवर ०.१ मिमीचा कट घ्या. मायक्रोमीटरला बाहेरचा पट्टा जाड आला, तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली शिम घाला. बारीक आला, तर मागच्या पायाखाली. शिम घालूनही चकालगत बार जाडच राहत असेल, तर ती बेडची झीज आहे. पाय उचलून ती भरून निघत नाही.

बरेच जण हे सोडून आधी टेलस्टॉकचे स्क्रू फिरवतात. मग पीळ तसाच राहतो, टेलस्टॉक त्या पिळाला जुळतो आणि आधाराशिवाय घेतलेलं प्रत्येक काम टेपर, म्हणजे एका टोकाला जाड नि दुसऱ्याला बारीक, येतं. आधी बेडचा पीळ काढा. मग दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांमध्ये) बार धरून, हलका कट घेऊन टेलस्टॉक जुळवा.