'फ्लाइंग स्कॉट्समन'चे मॉडेल घेताना आधी साल ठरवा

वाफेच्या इंजिनाचे मॉडेल खऱ्या इंजिनाशी जुळते की नाही, हे बहुतेक जण नाव, नंबर आणि रंग पाहून ठरवतात आणि 'फ्लाइंग स्कॉट्समन'च्या बाबतीत नेमके तेथेच फसतात. या एका ब्रिटिश इंजिनाने गेल्या शंभर वर्षांत इतकी रूपे पालटली आहेत की, 'मला फ्लाइंग स्कॉट्समन हवे' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या सालचे हवे, ते आधी ठरवावे, त्या सालची दोन-तीन छायाचित्रे समोर ठेवावीत आणि मगच दुकानदाराच्या यादीकडे वळावे.

रेल्वे अभियंते नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हे ए-१ वर्गाचे इंजिन फेब्रुवारी १९२३ मध्ये डॉन्कास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा त्याला नाव नव्हते आणि त्याचा नंबर १४७२ होता. ४४७२ हा प्रसिद्ध नंबर आणि नाव १९२४ मध्ये मिळाले; त्याच वर्षी ते वेम्ब्लीच्या प्रदर्शनात मांडले गेले. १ मे १९२८ पासून लंडन ते एडिंबरा गाडी विनाथांबा धावू लागली आणि वाटेत चालक-फायरमन बदलता यावेत म्हणून टेंडरमधून, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातून, माणूस जाईल असा बोळ काढण्यात आला. असा टेंडर मागच्या बाजूने पाहिल्यास लगेच ओळखू येतो, कारण डब्याला जोडणारे दार तेथे दिसते. १९२३ ते १९२७ मधले इंजिन दाखवायचे असेल, तर हा टेंडर चालणार नाही. त्या वेळी कोळशाभोवती आडव्या सळ्या असलेला जुना टेंडर होता. युद्धकाळात इंजिन काळे झाले, १९४६ मध्ये नंबर १०३ झाला आणि जानेवारी १९४७ मध्ये नवा बॉयलर बसवून त्याचे ए-३ वर्गात रूपांतर करण्यात आले.

हे रूपांतर मॉडेल निवडणाऱ्याने नीट समजून घ्यावे. बॉयलरमधील वाफेचा दाब दर चौरस इंचाला १८० पौंडांवरून २२० पौंडांवर गेला. दाब काही मॉडेलवर दिसत नाही, पण दोन खुणा दिसतात. धुराड्याच्या किंचित मागे, स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या टोकाला धूर जमतो त्या भागाच्या) दोन्ही खांद्यांवर, वाफ आणखी तापवणाऱ्या मोठ्या सुपरहीटरसाठी बसवलेली लहान आयताकृती झाकणे बाहेर आलेली असतात, आणि बॉयलरवरचा डोम, म्हणजे वाफ जमते तो घुमट, गोल न राहता मागे लांबट होत जातो. आता मॉडेल हातात घ्यावे. त्यावर ४४७२ हा नंबर आहे, ॲपल ग्रीन म्हणून ओळखला जाणारा उजळ हिरवा रंग आहे आणि स्मोकबॉक्सवर ती झाकणेही आहेत, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, ते १९३० च्या दशकातले इंजिन नव्हे. जानेवारी १९६३ मध्ये हे इंजिन सेवेतून निवृत्त झाल्यावर ॲलन पेग्लर या उद्योजकाने ते विकत घेऊन पुन्हा जुन्या रंगात रंगवले. ते मॉडेल त्यानंतरचे आहे. १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये ताशी १०० मैलांचा टप्पा गाठणारे इंजिन हवे असेल, तर झाकणे नसलेले आणि गोल डोमचे ए-१ मॉडेलच शोधावे लागते.

ब्रिटिश रेल्वेच्या काळात नंबर ६०१०३ झाला. रंग आधी निळा आणि १९५२ पासून गडद हिरवा होता. १९५९ च्या आरंभी जोडधुराडे, म्हणजे एकामागे एक दोन नळ्यांचे धुराडे, बसले, पण त्यातून धूर मंद गतीने निघून खाली पसरू लागला आणि चालकाला पुढचे दिसेना, म्हणून डिसेंबर १९६१ मध्ये स्मोकबॉक्सच्या दोन्ही अंगांना जर्मन पद्धतीचे धूर वळवणारे पत्रे लावण्यात आले.

मापाची बाजू त्या मानाने सोपी आहे. ब्रिटिश मॉडेले बहुधा ओओ, म्हणजे १:७६ प्रमाणात असतात. कोथरूडच्या जोशी म्युझियममधील छोट्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांची नजर एचओच्या १:८७ प्रमाणाला सरावलेली असते. दोन्ही प्रमाणे १६.५ मिलिमीटरच्या एकाच रुळांवर धावतात, त्यामुळे नवखा माणूस ओओ इंजिनामागे एचओचे डबे जोडतो आणि इंजिन अवाढव्य का दिसते याचा विचार करत बसतो. खऱ्या इंजिनाचे मोठे चाक ६ फूट ८ इंच व्यासाचे आहे, म्हणजे ओओमध्ये सुमारे २६.७ मिलिमीटर; व्हर्नियर कॅलिपर लावून पाहावे. काही दशांश मिलिमीटर कमी भरले तर सोडून द्यावे, कारण मॉडेलच्या चाकाची कड प्रमाणापेक्षा जाड असते आणि तिच्यासाठी उत्पादकाला जागा काढावी लागते. टेंडरसह लांबी सुमारे २८ सेंटिमीटर होते, म्हणून ४३८ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळणावर ते चालवण्याचा हट्ट धरू नये.

हवे तेच रूप बाजारात न मिळाल्यास तडजोड कोठे करावी, याचा क्रम माझ्या मते स्पष्ट आहे. नंबर ट्रान्सफरने (चिकटवायच्या छापील अंकांनी) बदलता येतो, टेंडर सुटा मिळू शकतो आणि धूर वळवणारे पत्रे चिकटवता येतात. डोम आणि झाकणे मात्र बॉयलरच्या साच्यातच असल्याने ती चुकीची असतील तर मॉडेल घेऊ नये. ज्याला अजून साल ठरवता येत नाही, त्याने गडद हिरव्या रंगाचे, जोडधुराड्याचे आणि पत्रे लावलेले ६०१०३ घ्यावे. इंजिन २०१६ मध्ये पुन्हा धावू लागले ते याच रूपात, त्यामुळे बारीक फरक वगळता तेच मॉडेल १९६२ चा काळ दाखवणाऱ्या लेआउटवरही (छोट्या रेल्वेच्या मांडणीवरही) शोभते आणि आजच्या विशेष गाडीपुढेही.