थंडीत दबा धरून बसायचंय? कपडे चालण्यासाठी वेगळे, बसण्यासाठी वेगळे

‘तीन थर घाला’ हा सल्ला सगळेच देतात. त्यातला कोणता थर कधी अंगावर असावा आणि कोणता सॅकमध्ये, हे मात्र कोणी सांगत नाही. थंडीतल्या शिकारीत खरी मेख तिथेच आहे. पहाटे अंधारात तास-पाऊण तास चढायचं आणि मग तीन-चार तास मानसुद्धा न हलवता बसायचं. निवांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, जुन्या काचेच्या पिवळ्या बल्बाइतकी. पाठीवर ओझं घेऊन चढताना तीच उष्णता पाचपट सहज होते. या दोन्ही कामांना पुरेल असा एकच पोशाख नसतो. परवाना घेऊन शिकारीला निघालेला असो की लपणात कॅमेरा लावून बसणारा, हिशोब तोच.

बहुतेक लोक खरेदी उलटी करतात. आधी सगळे पैसे एका जाडजूड, ठिपक्याठिपक्यांच्या जाकिटात घालतात आणि आतून घरातलीच सुती बनियन चढवतात. कळस आधी, पाया मागून. असं जाकीट दोन किलोंचं असतं, अस्तर सुटं होत नाही, चालताना उकडवतं आणि बसल्यावर पुरत नाही. आतून बाहेर याच क्रमाने निवडा.

१. अंगालगतचा थर

सुती काहीही नको. बनियन नको, जीन्स नको आणि अंतर्वस्त्रंही सुती नकोत. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते, आणि मग भारी थर्मलच्या आत कमरेभोवती ओल्या सुती कापडाचा पट्टा दिवसभर गार पडून राहतो. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. सुती कापड पाणी पितं आणि सोडत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

पर्याय दोन: मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर. मेरिनो स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प ओलसर न वाटता सामावून घेते आणि दोन-तीन दिवस घातली तरी फारशी वास मारत नाही. हरणाच्या नाकापुढे बसायचं असेल तर हा मोठा गुण आहे. पॉलिएस्टर झटकन वाळतं, स्वस्त पडतं, पण संध्याकाळपर्यंत घामट वास धरतं. चालण्यासाठी १५० जीएसएमचं (चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचं) कापड पुरे, फार तर २००. दुकानात २५० जीएसएमचा सदरा हाताला उबदार लागतो म्हणून लोक तोच उचलतात. भिजला की तोच वाळायला सर्वांत जास्त वेळ खातो. सदरा अंगाला चिकटून बसणारा, मागे लांब आणि छातीपर्यंत चेन असलेला घ्या.

जाळीदार बनियन हा तिसरा प्रकार. १९३३ साली नॉर्वेच्या सैन्यातले अधिकारी हेन्रिक ब्रून यांनी मासेमारीच्या जाळ्यांपासून तो बनवला. जाळीच्या भोकांत हवा अडते आणि घामाला बाहेर पडायला वाट राहते. दिसायला विचित्र आहे, पण ज्यांना घाम फार येतो त्यांनी तो पातळ मेरिनोच्या आत घालून पाहावाच.

२. मधला थर

आतून चौकडीच्या उंचवट्यांचं पातळ फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड. जाड, गुबगुबीत फ्लीस सॅकमध्ये जागा खातं आणि वारा आरपार सोडतं.

३. वारा अडवणारा थर

तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. त्यासाठी शे-दीडशे ग्रॅमचं, अस्तर नसलेलं साधं वाऱ्याचं जाकीट पुरतं, मुठीत मावतं. कोरड्या थंडीत पावसाळी जाकीट घालून चढू नका. कितीही ‘श्वास घेणारं’ म्हणून विकलेलं असो, चढावरचा घाम त्यातून तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. शिवाय ते सळसळतं. शून्याच्या आसपास ओला बर्फ पडायची चिन्हं असतील तर ते सॅकमध्ये असू द्या.

४. चालण्यातून बसण्यात येणं

इथवर कोणीही पोहोचतं. गाडं अडतं ते इथे, आणि अडतं म्हणजे नऊ वाजायच्या आत दात वाजू लागतात, माणूस उठून हातपाय झटकतो आणि सकाळ वाया जाते. मग दोष जाकिटाला. जाकीट बहुधा ठीकच असतं. आतला सदरा ओला असतो.

हिशोब पाहा. एक लिटर घामाचं बाष्प व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे सदऱ्यात पेलाभर, २०० मिलिलिटर घाम मुरला असेल तर तो सुकवायला सुमारे ४८० किलोज्यूल. बसलेलं शरीर सेकंदाला १०० ज्यूल कमावतं. तेव्हा तुमची तब्बल ८० मिनिटांची कमाई नुसता सदरा वाळवण्यात जाऊ शकते. एवढी तूट कोणतंही जाकीट भरून काढत नाही, कारण जाकीट उष्णता निर्माण करत नाही, आहे तेवढी राखतं.

म्हणून पहिला नियम: निघताना थंडी वाजलीच पाहिजे. पातळ सदरा, त्यावर फार तर फ्लीस किंवा वाऱ्याचं जाकीट, दोन्ही नव्हे. पहिली दहा मिनिटं कुडकुडत जावीत. गाडीतून उतरल्या उतरल्या छान वाटत असेल तर एक थर जास्त झाला, तिथेच काढा. ‘वाटेत काढू’ म्हणणारा वाटेत थांबत नाही, हे ठरलेलं.

दुसरं, वेग हाही एक कपडाच समजा. वीस मिनिटं आधी निघा आणि नाकाने श्वास घेत चालता येईल एवढ्याच गतीने चढा. तोंड उघडावं लागलं की घाम आलाच. कानटोपी पहिल्या चढावरच खिशात, छातीची चेन खाली, बाह्या वर. मधूनमधून सॅक आणि पाठ यांच्या मधे हात घालून कमरेवर उलटी बोटं टेकवा. पाठ सर्वांत आधी भिजते आणि सर्वांत शेवटी वाळते. तिथे ओल लागली की आणखी हळू.

जागेपाशी पोहोचल्यावर बहुतेकांची चूक होते. काही जण धापा टाकत येतात आणि लगेच जाड जाकीट चढवतात. अंगातून अजून वाफ निघत असते, ती सगळी जाकिटाच्या भरावात मुरते. दुसरे उलट करतात: ‘अजून गरम होतंय’ म्हणत तसेच बसतात आणि हुडहुडी भरल्यावर जाकीट शोधतात. गेलेली ऊब बसल्या जागी परत येत नाही. या दोन्हींच्या मधे पाच-दहा मिनिटांची एक फट असते आणि सगळी हातोटी ती पकडण्यात आहे.

पकडायची ती अशी. सॅक उतरवा, टोपी काढलेलीच असू द्या, चेन उघडी ठेवा आणि शांत उभे राहा. कपाळावरची उष्णता ओसरते, श्वास जागेवर येतो. अंग अजून गरम आहे पण मानेला पहिला गारवा जाणवला, हाच क्षण. वाऱ्याकडे पाठ करा, कमरेवरचं सगळं काढा, छोट्या टॉवेलने पाठ आणि काखा पुसा, कोरडा सदरा घाला, त्यावर फ्लीस, त्यावर लगेच जाड जाकीट आणि शेवटी टोपी. दोन मिनिटांच्या आत. उघड्या अंगाने ती दोन मिनिटं फार मोठी वाटतात म्हणून लोक टाळतात, टाळू नका. हा दुसरा सदरा दीड-दोनशे ग्रॅमचा असतो आणि सॅकमधली कोणतीही वस्तू वजनाच्या मानाने एवढी ऊब देत नाही. ओला सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी टाका. ‘अंगावरच वाळेल’ म्हणून जाकिटाच्या आत ठेवायचा नाही. वर मांडलेला हिशोब त्यालाही लागू आहे.

हे सगळं अंधारात आणि आवाज न करता व्हायचं, तेव्हा सॅक उलट्या क्रमाने भरा. सर्वांत वर टॉवेल आणि सदरा, खाली जाकीट, त्याखाली बसण्याची विजार.

मचाण झाडावर असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुरक्षा-पट्टा जमिनीवर बांधायचा असतो आणि परत जमिनीवर येईपर्यंत सोडायचा नसतो. कपडे बदलण्यासाठी वर पट्टा सोडणं हा शुद्ध वेडेपणा. बदलाबदल झाडाच्या बुंध्याशीच उरका आणि मग सावकाश चढा. किंवा पट्टा फ्लीसवर बांधून दोर पाठीतून बाहेर येईल अशी चीर असलेलं जाकीट घ्या. पट्टे जाकिटावरून बांधले तर ते जिथे दाबतात तिथला भराव चपटा होतो आणि थंडी नेमकी तिथून शिरते.

५. बसण्याचं जाकीट

पिसांचं की कृत्रिम भरावाचं? तेवढ्याच वजनात पिसं जास्त ऊब देतात आणि लहान गुंडाळी होते. ८०० फिल पॉवरचं जाकीट त्यात उत्तम (फिल पॉवर म्हणजे पिसं किती फुलतात त्याचं माप). पण पिसं भिजली की गोळा होऊन बसतात. हवा कोरडी आणि उणे १० च्या खाली असेल तर पिसं घ्या. शून्याच्या आसपास, धुकं किंवा ओला बर्फ असेल तर चौरस मीटरला १०० ते १३३ ग्रॅम कृत्रिम भराव असलेलं घ्या. भिजल्यावरही ते बरीच ऊब धरून ठेवतं.

माप एक नंबर मोठं. खालच्या थरांनी पिसं दाबली गेली तर पैसे पाण्यात, कारण ऊब पिसांत नसते, त्यांनी अडवलेल्या हवेत असते. बाहेरच्या कापडावर नखाने ओरखडा ओढून पाहा. दुकानात जरासं खरखरलं तर थंडीत ताठरलेलं कापड त्याहून जास्त वाजेल. चकाकती नायलॉनची जाकिटं इथेच नापास होतात. उपाय सोपा आहे: जाकीट कुठलंही असो, त्यावर सैल फ्लीसचं किंवा लोकरीचं कवच चढवा.

६. कमरेखाली

विजार बर्फात उभं राहून बदलता येत नाही, म्हणून चालताना पायांवर एकच पातळ थर आणि वाऱ्याची विजार ठेवा. बसण्यासाठी खांद्यावर पट्टे असलेली, छातीपर्यंत येणारी भरावाची विजार घ्या आणि तिची चेन बाजूने घोट्यापासून कमरेपर्यंत उघडते का ते पाहा. बूट न काढता ती चढली पाहिजे. पुढे वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही, हा छातीपर्यंतच्या विजारीचा मोठा फायदा. बसल्यावर बुडाखालचा भराव चेपतोच, तेव्हा दीड-दोन सेंटिमीटर जाडीचं फोमचं आसन घ्या. तसाच दुसरा तुकडा तळपायांखाली. बुटांतून जमिनीत जाणारी उष्णता मोज्यांनी अडत नाही.

पाय गार पडले म्हणून तीन मोजे घालणं हा सर्वांत हट्टी गैरसमज. बूट आवळला, रक्त अडलं, पाय आणखी गार. एक पातळ मोजा, त्यावर एक जाड लोकरीचा, आणि बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत. लागल्यास अर्धा नंबर मोठा बूट घ्या. सदऱ्याबरोबर मोजेही बदला.

७. हात आणि डोकं

जाड हातमोज्यात चाप कळत नाही. पातळ लोकरीचे हातमोजे आणि कमरेला बांधायची, दोन्ही हात आत घालायची उबदार पिशवी, एवढं बास. लोहपूड भरलेल्या उष्णतेच्या पुड्यांना हवा लागते, म्हणून घट्ट बुटात त्या विझतात. या पिशवीत मात्र छान चालतात. त्वचेला थेट लावू नका. अर्धी उष्णता डोक्यातून जाते हे खोटं आहे, तरी टोपी आणि गळपट्टा हवाच, कारण घालायला-काढायला सर्वांत सोपे तेच.

८. घरी तालीम

सगळं चढवून बंदूक दहा वेळा खांद्याला लावून पाहा. जाड जाकिटाने दस्ता काखेत अडकतो, खांदा पुढे येतो आणि नेम बदलतो. धनुष्य असेल तर प्रत्यंचा बाहीला घासते. बाहीवर पट्टा बांधून आवळा. जिथे (इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून) नारिंगी जाकिटाची सक्ती आहे तिथे ते सर्वांत जाड थरावरून बसेल एवढ्या मापाचं घ्या, आणि कपडे बदलल्यावर ते पुन्हा सर्वांत वर येतंय ना ते बघा. काळोखात नेमकं तेच आत राहून जातं.

धुताना कापड मऊ करणारं द्रव वापरू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम शोषणं थांबतं. पांढरेपणा वाढवणारी चकाकी घातलेली पावडरही नको. तिच्यामुळे कपडे अतिनील प्रकाशात उजळतात आणि हरणांना तो प्रकाश आपल्यापेक्षा बराच जास्त दिसतो. पिसांचं जाकीट गुंडाळीतून काढून मोकळं टांगून ठेवा. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली पिसं पुन्हा पूर्वीसारखी फुलत नाहीत.