दिवाळीला घरी जाताय? खाण्यापिण्याच्या आणि गिफ्टच्या या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

२०२४ ची भाऊबीज रविवारी आलेली, म्हणजे वाराची पण अडचण नाही. कोल्हापूरच्या घरी ताई आणि दाजी आलेले, सकाळपासून मटण शिजतंय, आळणी पाणी वेगळं काढून ठेवलंय, आई पांढऱ्या रश्श्यासाठी खसखस, तीळ, काजू वाटतीये, ओल्या नारळाचं दूध काढून झालंय, आणि मी ताटावर बसल्यावर जाहीर केलं की मी मटण सोडलंय. सोडून दोन महिने झालेले. पुण्यात रूमवर सगळ्यांना माहीत, घरी कुणालाच नाही.

दोन सेकंद नुसता पंख्याचा आवाज. मग आजी म्हणाली, "मग फोडी नको घेऊस, नुसता रस्सा वरप की." आता पांढरा रस्सा हा मटणाच्या आळणी पाण्यावरच होतो, त्यामुळं फोडी बाजूला काढल्या म्हणून तो काय शाकाहारी होत नाही, पण हे आजीला समजवायच्या भानगडीत मी पडलो आणि तिथं आणखी दहा मिनिटं गेली. आई काही न बोलता उठली, कढईत पिठलं टाकलं. दाजींचा तांबडा पार गार. सासरहून आलेल्या ताईनं मला ओवाळायच्या आधी जे बघितलं ना, ते अजून डोक्यातून जात नाही.

चूक मटण सोडण्यात नव्हती, सोडा की, तुमचं पोट तुमचं. चूक वेळेची.

मग कधी सांगायचं? भाजणी गिरणीत जायच्या आधी

आपल्या वयाची पोरं समजतात की खायची वेळ आली की आवडनिवड सांगायची, हॉटेलात सांगतो तसं. घरच्या दिवाळीचा मेनू फार आधी लागलेला असतो. चकलीचे तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धने-जिरे हे धुऊन वाळवून भाजून ठेवायचं, गिरणीत नंबर लावायचा, अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. हे सगळं वसुबारसेच्या आत उरकलेलं असतं. त्यामुळं कोजागिरी ही शेवटची तारीख धरा. दूध पीत पीतच फोन करायचा, काय सोडलंय, काय चालतं, काय अजिबात नाही. आणि "मी यंदा डाएटवर आहे" असं मोघम सांगू नका भावा. आईच्या भाषेत डाएट म्हणजे पोरगं उपाशी राहतंय, मग दुप्पट करून ठेवतात. नेमकं सांगा: शंकरपाळी नको, चकली हवी, लाडू दोनच.

"तेल जरा कमी घाल" म्हणू नका

जिमला जायला लागल्यावर मी हे पण करून बघितलं. आईला म्हटलं चकलीत मोहन (पिठात घालायचं गरम तेल) कमी घाल, आणि तळताना गॅस बारीक ठेव, तेल जास्त तापवायचं नाही. झालं काय, तर मोहन कमी पडलं म्हणून चकली दगड, आजोबांनी एक तोंडात धरून परत ताटलीत ठेवली. आणि तेल नीट तापलेलं नसलं की चकली तळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती तेल पीत बसते, म्हणजे तेल कमी करायच्या नादात तेलकट पण झाली. मोहन जास्त झालं तर चकली तेलात पडल्या पडल्या तुटते, तेल फार कडक तापलं तर बाहेरून लाल आणि आतून मऊ, संध्याकाळपर्यंत पार वातड. हे गणित आयांना हाताला कळतं, आपण रील बघून त्यात बोट घालायचं नाही. कमी खायचं असेल तर दोन खा, रेसिपी बदलू नका.

अनारसा तुपात हसला, म्हणजे सुटून विरघळायला लागला, तर तो मात्र तुमच्या बोलण्यामुळं नाही. पीठ सैल किंवा गूळ जास्त. थोडं तांदळाचं पीठ मळून घेतात, आणि तोवर स्वयंपाकघरातून बाहेर थांबायचं, हसायचं काम अनारशाला करू द्या.

शुगर-फ्री म्हणजे आजोबांना मोकळं रान नव्हे

आजोबांना शुगर आहे. पहिल्या पगारात मी पुण्यातून शुगर-फ्री बर्फीचा मोठा बॉक्स आणला, एकदम भारी वाटलं स्वतःबद्दल. आजोबांनी पण आनंदानं बैठकीत पाच-सहा वड्या संपवल्या, साखर नाही म्हटल्यावर कोण अडवणार. रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या. सकाळी बॉक्सवरची बारीक अक्षरं वाचली तर आत माल्टिटॉल, जे साखरेऐवजी घालतात आणि जास्त झालं की पोट ढिलं करतं. आणि त्यानं शुगर अजिबात वाढत नाही असंही नाही, शिवाय खवा, मैदा हे धरायचंच. नंतर मावशीनं सुचवलं गुळाचं द्या, गूळ औषधी. गूळ कितीही चांगला असला तरी त्यात मुख्य साखरच, शुगरवाल्याला तो चालतो हा गैरसमज कोल्हापुरात तर लई घट्ट बसलाय, गुळाचंच गाव ना. आता आजोबांना मी भाजके शेंगदाणे आणि कमी तिखट चिवडा आणतो. खूश आहेत. एक करंजी चोरून खातात ते आम्ही बघत नाही.

मित्राला फराळ देताना आत काय आहे ते सांगायचं

ऑफिसमध्ये डबा नेऊन ठेवतो आणि म्हणतो घ्या रे घरचं आहे. घरचं आहे म्हणजे सगळ्यांना चालतं असं नाही. आपल्याकडं बऱ्याच घरात तळण घाण्याच्या शेंगतेलात होतं, आणि त्या तेलात शेंगदाण्याची प्रथिनं थोडी का होईना राहतात, त्यामुळं शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला नुसते चिवड्यातले दाणे वेचून देऊन भागत नाही, चकली पण बंद. गव्हाचं चालत नाही अशा मैत्रिणीला मी रव्याचा लाडू दिलेला, का तर त्यात मैदा नाही! रवा गव्हाचाच असतो हे त्या दिवशी कळलं. भाजणीत गहू नसला तरी गिरणीत आधीच्या नंबरला गहूच दळलेला असतो, म्हणून ज्यांना खरंच त्रास होतो त्यांना सरळ सांगून टाका. व्हीगन असेल तर तुपाचं सगळं कट, चिवडा आणि शेव उरते. चकलीत लोणी घातलंय का ते विचारून घ्या. जैन मित्राला कांदा-लसूण चटणी लावलेलं भडंग देऊ नये, हे तरी सांगायला नको.

आता गिफ्ट

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये उभं राहिलं की सगळ्यांसाठी चपला घ्याव्या वाटतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला चालल्या आणि आधी कोल्हापूरचं नाव पण नव्हतं म्हणून बोंबाबोंब झाली, तेव्हापासून तर पुण्यातल्या रूममेटला एक जोड द्यायचाच असं डोक्यात बसलेलं. मस्त कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) घेतली, घासाघीस न करता. रूममेट व्हीगन. दूध पीत नाही हे मला रोज दिसायचं, चामडं पण चालणार नाही हे डोक्यात आलंच नाही. थँक्स म्हणाला, बॉक्स कपाटावर ठेवला, अजून तिथंच आहे, मी रोज बघतो. दुसरी गोष्ट साइझची: बुटाचा नंबर सांगून कोल्हापुरी घेऊ नका, पाय कागदावर ठेवून पेनानं आखून आणा आणि जरा घट्टच घ्या, चामडं सैल होतं. सुरुवातीला चावते, तेल लावून दोन-चार दिवस घरात वापरायला सांगा, नाहीतर लोक एकदा घालून फेकून देतात.

आईला साडी घेणार असाल तर दसऱ्याच्या आत घ्या. धनत्रयोदशीला महाद्वार रोडच्या गर्दीत ढकलाढकली करून आणलेली साडी पाडव्याला नेसता येत नाही, कारण टेलर तोवर ब्लाऊज घ्यायचं बंद करून बसलेला असतो. साडीचं बजेट काढताना फॉल-बिडिंग आणि शिलाई धरा, ती आईलाच द्यावी लागली तर कसलं गिफ्ट. आणि मिक्सर, एअर फ्रायर असलं आईच्या नावानं आणू नका. घराला हवं असेल तर घराला आणा. माझ्या एअर फ्रायरचं "यात चकली करून दाखव की" असं करून आईलाच काम वाढलं.

गुजरीतून, म्हणजे आमच्या सराफ बाजारातून, सोन्याचं काही घेणार असाल, ताईला छोटी रिंग वगैरे, तर १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कवर ६ अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख नंबर) लागतोच, बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. लाज वाटायचं कारण नाही.

सुट्या मिठाईवर पण ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारानं कधीपर्यंत खायची ती तारीख लावायची असते, ती बघा. खव्याचं सामान लक्ष्मीपूजनाला घेऊन भाऊबीजेनंतर पुण्यात वाटायचं, हे लोक करतात आणि मग पोट धरून बसतात. त्यापेक्षा गूळ न्या. नव्या गुळाचे सौदे पाडव्याच्या मुहूर्तावर सुरू होतात, त्यामुळं त्याच्या आधी "नवा गूळ" म्हणून कुणी देत असेल तर जरा चौकशी करा. पिवळाधमक, काचेसारखा गूळ बघून भुलू नका, तो रंग बऱ्याचदा केमिकलनं आणलेला असतो, काळपट-तांबूस घ्या आणि हवाबंद डब्यात न्या, नाहीतर पाझरतो.

ओवाळणीचं एकच. "ताई जीपे करतो" म्हणून ताट रिकामं ठेवायचं नाही. ताईचा पगार माझ्याहून जास्त आहे, तिला माझ्या पाचशे एकची गरज नाही, तरी पाकीट ताटात पडलं पाहिजे. बाकीचं नंतर ट्रान्सफर करा वाटलं तर.

नेताना

गरम चकली डब्यात भरली की वाफ धरते, रात्रीच्या बसनं पुण्यात उतरेपर्यंत मऊ. पूर्ण गार होऊ दे. झालीच मऊ तर कढईत किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, आणि गार झाल्यावर चव बघा, गरम असताना मऊच लागते. करंज्या सगळ्यात वर. कांदा-लसूण चटणीची बरणी दोन पिशव्यांत, कपड्यांपासून लांब, माझा एक पांढरा शर्ट अजून लालसर आहे.

काल आईचा व्हॉइस नोट आला, कोजागिरीला अजून चार दिवस आहेत: "यंदा काय काय सोडलंयस ते आत्ताच सांग, मंगळवारी भाजणी टाकायचीय. आणि तुझा तो दूध न पिणारा मित्र येणार असेल तर त्याचे लाडू कशात वळायचे तेवढं विचारून ठेव."