मुंबईत पक्षी पाहायचे तर आधी तिथी पाहा

पक्षी पाहायला पहाटे निघावं हे जंगलासाठी खरं आहे. खाडीला ते लागू नाही. शिवडीला किंवा नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्याला सकाळी सातला पोचून, किलोमीटरभर लांब धुरकट हवेत एक गुलाबी रेघ पाहून परतणारे दर रविवारी भेटतात. पक्षी तिथेच असतात, फक्त पाणी ओसरलेलं असतं. मुंबईचं घड्याळ भरतीवर चालतं आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, ते घड्याळ पाळतात. म्हणून ठिकाणांआधी भरतीचा हिशेब.

भरतीचा हिशेब

कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. ऐन उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या दिवसांत भरती हिशेबापेक्षा थोडी उशिराच येते. रविवार ठरवायला एवढं पुरतं. निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यात नेमकी वेळ पाहा. मुंबईचा तक्ता बहुधा अपोलो बंदराचा असतो. खाडीच्या आतल्या टोकाला, ऐरोलीकडे, पाणी त्यानंतर काही वेळाने चढतं.

वेळेबरोबर उंचीही पाहा. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि खाडीतला जवळजवळ सगळा चिखल बुडतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते. तेव्हा पाणी कमी चढतं आणि चिखलाचे पट्टे उघडे राहतात. पक्ष्यांना उभं राहायला चिखल उरला नाही तरच ते आतल्या पाणथळींवर येतात. भांगाला तिथे गेलात तर थोडेच पक्षी दिसतील.

दुसरी गोष्ट उन्हाची. शिवडी ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर आहे, म्हणजे तिथे तोंड पूर्वेला होतं आणि सकाळी सूर्य डोळ्यांत येतो. सगळे पक्षी काळ्या आकृत्या दिसतात. नवी मुंबईच्या पाणथळी पूर्व काठावर आहेत, तिथे सकाळी ऊन पाठीशी असतं. दोन्ही जुळवलं की नियम सोपा होतो:

नवी मुंबई: द्वादशी ते चतुर्दशी, सकाळी. भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते.
शिवडी: पंचमी ते सप्तमी, दुपारनंतर. भरती पावणेचार ते सव्वापाचच्या दरम्यान.

शिवडी

हार्बर मार्गावर शिवडी स्थानकाला उतरून पूर्वेला जेट्टीकडे जायचं. चालत वीसेक मिनिटं, रस्त्यावर ट्रक आणि धूळ भरपूर. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा. त्या वेळी पाणी चढत असतं, चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि पक्षी पाण्याच्या कडेबरोबर तुमच्याकडे सरकत येतात. तुम्ही हलायचं नाही. भरती भरली की ते उडून जातात आणि ओहोटी लागल्यावर परततात, त्यामुळे भरतीनंतरचे दोन तासही चालतात. एरवी जाण्यात अर्थ नाही.

आता शिवडीत पूर्वीसारखे थवे दिसत नाहीत. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू इथूनच निघतो. त्याच्या कामाच्या वर्षांत पक्षी खाडीत वर, ऐरोली-भांडुपकडे सरकले. फक्त रोहित पाहायचे असतील तर हल्ली पहिली पसंती नवी मुंबईला द्यावी. पण रोहितांखेरीज चिखलावर चरणारे लांब पायांचे पक्षी जवळून पाहायला शिवडी अजून चांगली आहे.

चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पण पाय मांडीपर्यंत जातो आणि मागून पाणी चढत असतं.

पाम बीच रस्त्याच्या पाणथळी

सीवूड्स-दारावे स्थानकाहून रिक्षाने टी. एस. चाणक्य ही नौकानयन प्रशिक्षण संस्था किंवा एनआरआय संकुलाच्या बाजूला उतरा. इथे हिशेब शिवडीच्या उलटा. खाडीतला चिखल बुडाल्यावर पक्षी इथे विसावायला येतात, म्हणून पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोचून भरतीनंतर तासभर थांबायचं. भरती चार मीटरच्या वर असेल असा दिवस निवडा. थवे रांगेने खाडीवरून उडत येतात, ते पाहण्यासाठी सुरुवातीचा अर्धा तास चुकवू नका.

विसावलेले पक्षी जवळ दिसतात म्हणून माणसं कडेपर्यंत जातात. थवा माना वर करून एकाच दिशेने चालायला लागला की ती सूचना समजा. आणखी दोन पावलं टाकलीत तर सगळे उडतील, आणि खाडीत चिखल बुडालेला असल्यामुळे त्यांना बसायला दुसरी जागा नसते. त्याच जागी थांबा, पाच मिनिटांत माना खाली जातात. कुत्री मागे लागली तरी हेच होतं, म्हणून कुत्र्यांना खाऊ घालत उभे राहू नका.

या पाणथळी जगतात त्या खाडीचं पाणी आत-बाहेर होतं म्हणून. नाला बुजला किंवा नळी तुंबली की पाणी साचून शेवाळ तरी माजतं, नाहीतर तळ सुकतो, आणि दोन्हींत पक्षी निघून जातात. मागच्या वर्षी भरलेली जागा यंदा रिकामी दिसली तर आधी पाण्याची वाट कुठे बंद झाली ते पाहा. उरणजवळच्या पाणजेची मोठी पाणथळही अशीच पाण्याच्या आवकीवर अवलंबून आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते, त्यामुळे पाणजेला जाणं सोपं झालं आहे. द्रोणागिरीला उतरून रिक्षा करा.

होडीतून: ऐरोली

ठाणे खाडीचा १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाच्या होड्या सुटतात. होडीला पाणी लागतं, म्हणून फेऱ्यांची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते. नोंदणी आधी करा. हंगामात शनिवार-रविवार लवकर भरतात. भरतीच्या शिखराला निघणाऱ्या फेरीपेक्षा ओहोटी सुरू होतानाची फेरी मिळाली तर ती घ्या, कारण तेव्हा चिखल उघडायला लागतो आणि पक्षी खायला उतरतात. होडी डुलते, त्यामुळे दहापटीची दुर्बीण इथे निरुपयोगी. टोपीला बंद असलेला बरा.

रोहित ओळखणं

मुंबईत दोन जाती येतात आणि गर्दी बहुतेक धाकट्याची असते. धाकटा रोहित बुटका, गडद गुलाबी, चोच काळपट तांबडी, लांबून काळीच दिसते. मोठा रोहित उंच आणि फिका, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. रंगावर जाऊ नका, दोहोंची पिल्लं राखाडी-मळकट असतात. चोच पाहा. मिश्र थव्यात मोठा रोहित डोकं-मान वर काढून उभा असतो, तिथून सुरुवात करा.

नोव्हेंबरच्या सुमाराला ते यायला लागतात आणि मेअखेर, पाऊस लांबला तर जूनपर्यंत असतात. एप्रिल सहसा कोणी लक्षात घेत नाही, कारण उकडतं. पण रोहितांचा गडद रंग आणि मोठे थवे याच दिवसांत दिसतात, आणि उत्तरेकडे परतायच्या तयारीतला मालगुजा (गॉडविट) विटकरी लाल होतो. डिसेंबरात राखाडी दिसणारा हाच पक्षी, हे ओळखायला नवख्याला वेळ लागतो.

रोहितांचे फोटो झाले की दुर्बीण त्यांच्या पायांजवळच्या चिखलाकडे वळवा. शेकाट्या, उचाट्या, वाकड्या चोचीचा कोरल, कुरव (गल), सुरय (टर्न), आणि सँडपायपर मंडळी. ही मंडळी अवघड आहेत. पहिल्या हंगामात पाच जाती पक्क्या केल्या तरी पुष्कळ झालं. रंग सोडून तीन गोष्टी टिपा: चोच डोक्याच्या लांबीच्या किती पट आहे, पायांचा रंग, आणि उडताना पंखावर पांढरा पट्टा दिसतो का.

भांडुप

पूर्व द्रुतगती मार्गावरून भांडुप उदंचन केंद्राकडे (पंपिंग स्टेशनकडे) जाणारा रस्ता मिठागरं आणि कांदळवनातून जातो. शहरात गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे पक्षी एकत्र दिसण्याची ही सगळ्यात सोयीची जागा. इथे भरतीचा जाच कमी, पहाटच बरी. डिसेंबर ते फेब्रुवारीत थापट्या, तलवार बदक, मोर शराटी, जांभळी पाणकोंबडी, वरून फिरणारा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी. बोरूच्या मुळाशी ब्लूथ्रोट. भोवत्या आला की सगळे बदक एकदम उडतात, मोजायला तीच वेळ. मोजायचं ते असं: दहा पक्ष्यांचा ठोकळा डोळ्यांत बसवा आणि असे ठोकळे थव्यावर ठेवत जा. एकेक मोजायला गेलात तर थवा तोवर बसलेला असतो. सुरक्षारक्षकाने आत जाऊ नका म्हटलं तर वाद घालू नका, बाहेरच्या रस्त्यावरून निम्मे पक्षी दिसतात. डास भयंकर, बाह्या पूर्ण हव्यात.

जंगल: बोरिवली, येऊर, कर्नाळा

इथे मात्र पहाट. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानाला सोमवारी सुट्टी असते. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटांना परवानगी आणि वाटाड्या लागतो. नुसत्या कान्हेरीच्या रस्त्यानेही तीन तासांत भरपूर दिसतं. बिबटे आहेत, म्हणून अंधार पडायच्या आत बाहेर. ठाण्याच्या बाजूने येऊर हा याच जंगलाचा पूर्वेकडचा भाग, गर्दी कमी.

जंगलात चालण्यापेक्षा बसण्याने पक्षी दिसतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली काटेसावर शोधा, मार्चकडे पळस आणि पांगारा. पिकलेला उंबर किंवा वड मिळाला तर आणखी उत्तम. ऊन पाठीशी येईल अशा बेताने झाडापासून पंधरा-वीस मीटरवर तासभर बसा. सूर्यपक्षी, पर्णपक्षी, हळद्या, मैना, पल्लवपुच्छ कोतवाल, आणि फळांवर आपला राज्यपक्षी हरियाल. पाच किलोमीटर तुडवून यातले निम्मे दिसत नाहीत. नऊनंतर शांत झालं की आकाशाकडे पाहा: हवा तापली की सर्पगरुड ओरडत घिरट्या घालतो.

कर्नाळा पनवेलहून साधारण १२ किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गावर. पेणकडे जाणारी एसटी दारात सोडते. रविवारी गडावर जाणाऱ्यांचा गोंगाट आठपासून सुरू होतो, म्हणून शक्य तर आडवार गाठा. नाहीतर गडाची वाट सोडून हरियाल किंवा मोरटाका या सपाट वाटांनी फिरा. शिपाई बुलबुल, शीळ घालणारा कस्तूर आणि हिवाळ्यात राखी कोतवाल हमखास.

जूनला पाऊस सुरू झाला की कर्नाळ्याला तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा, पण रंगांची उधळण. तो ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खणून अंडी घालतो, आणि कॅमेरेवाल्यांची रांग त्या बिळासमोर लागते. पाल किंवा खेकडा चोचीत धरून तो फांदीवर ताटकळत बसलेला दिसला तर समजा तुम्ही वाटेत उभे आहात. लगेच मागे व्हा. बिळाची जागा कोणालाही सांगू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर नकोच. विणीच्या दिवसांत नर प्रतिस्पर्धी शोधत फिरतो आणि पिल्लं उपाशी राहतात. नवरंगाच्या (पिट्टाच्या) बाबतीत हा प्रकार फार चालतो.

शहराबाहेर जायला वेळ नसेल तर धारावीतलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. पूर्वी कचऱ्याचं मैदान होतं, आज मिठीकाठचं दाट रान आहे. सुरुवातीच्या वीस-पंचवीस जाती इथेच शिकाव्यात.

दुर्बीण

८×४२ घ्या. आठ म्हणजे किती पट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. रस्त्यावर मिळणारी २०×५० हातात स्थिर राहत नाही आणि जंगलात पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. चिखलावरच्या लांबच्या पक्ष्यांसाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप लागतो, पण तो गटात एकाकडे असला तरी पुरे. ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरते, मग तो कितीही महागडा असो, चित्र विरघळतंच.

नवी दुर्बीण डोळ्यांना जुळवून घ्या. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच वर्तुळ दिसू द्या. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटीवरची अक्षरं स्पष्ट करा. मग डावं झाकून फक्त उजव्या नळीची कडी फिरवा आणि तो आकडा लक्षात ठेवा. ‘दुर्बिणीतून डोकं दुखतं’ ही तक्रार बहुतेक वेळा या कडीचीच असते. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबर खाली करा. पक्षी शोधताना नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. मान खाली घातली की जागा हरवते.

पावसाळ्यात मुंबईच्या दमटपणाने भिंगांना बुरशी लागते आणि ती पुसून जात नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, कपाटात पिशवीत नको. पुड्यांचे दाणे रंग बदलले की सुकवून परत टाका.