सहीच्या पुढे: वस्तीत प्रौढांचा वाचनवर्ग कसा चालवावा

प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याचा वर्ग सुरू करावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पाटी-पेन्सिल विकत घेण्याआधी एक आठवडा नुसते ऐकण्यात घालवावा. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला आम्ही चार-पाच जण गेली काही वर्षे असा वर्ग चालवत आहोत आणि आमची पहिली चूक नेमकी इथेच झाली होती. आम्ही थेट लहान मुलांची अंकलिपी आणली, फळ्यावर ‘अ अननसाचा’ लिहिले आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या बायकांना ते एका सुरात म्हणायला लावले. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दोघी उरल्या, आणि त्यांतली एक केवळ भिडेखातर आली होती. ज्या बाईने घर चालवले, मुली उजवल्या, भिशीचा हिशेब तोंडी सांभाळला, तिला अननस दाखवून शिकवायला बसणे हा तिचा अपमान होता, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

म्हणून आधी ऐकावे. ‘तुम्हाला वाचता येते का?’ असा प्रश्न कधीही विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘चष्मा घरी राहिला’ असे येते. त्याऐवजी वाचता न आल्यामुळे अलीकडे काय अडले, हे गप्पांच्या ओघात काढून घ्यावे. दवाखान्यातून आणलेल्या दोन पाकिटांपैकी सकाळची गोळी कोणती हे शेजारच्या मुलाला विचारावे लागले, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी तीन दिवस डब्याखाली पडून राहिली, गॅसचा नंबर कोणीतरी लावून दिला आणि त्याचे वीस रुपये घेतले, अशा गोष्टी निघतात. त्या वहीत टिपून ठेवाव्यात, कारण तोच तुमचा अभ्यासक्रम असतो.

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा निघालेली अडचण ठाणे स्थानकाची होती. घणसोली, कोपरखैरणे या बाजूला कामाला जाणाऱ्या बायका ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतात. तिथून वाशीची, नेरूळची आणि पनवेलची अशा गाड्या सुटतात आणि तुर्भ्याच्या पुढे फाटा फुटून एक वाट सानपाडा-वाशीकडे, तर दुसरी नेरूळ-पनवेलकडे जाते. कोपरखैरण्याला उतरणाऱ्या बाईला कोणतीही गाडी चालते. परंतु काम वाशीला लागले की इंडिकेटर वाचता आलाच पाहिजे, नाहीतर दर वेळी कोणाला तरी विचारावे लागते, आणि सकाळी आठच्या गर्दीत उत्तर द्यायला कोणाला सवड नसते. तेव्हा आम्ही ‘वाशी’, ‘नेरूळ’ आणि ‘पनवेल’ हे तीनच शब्द पहिल्या आठवड्यात घेतले. आधी शब्द अख्खा ओळखायचा, मग तो फोडायचा. या तीन शब्दांतून व, श, न, र, ळ, प आणि ल ही सात अक्षरे हाती येतात. काना, वेलांटी, मात्रा आणि उकारही येतात. मग हीच अक्षरे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून समोर टाकली आणि यांतून आणखी काय होते ते जुळवा, असे सांगितले. एका मावशींनी ‘रवा’ केला, दुसरीने ‘नारळ’ केला, आणि मागे बसलेल्या एकीने काहीही न बोलता ‘नवरा’ जुळवून पुढे सरकवला, तेव्हा सगळा वर्ग हसला. ‘शाळा’ हा शब्दही याच तुकड्यांतून निघतो, हे त्या दिवशी आम्हालाही नव्याने दिसले.

जुन्या पद्धतीतील ‘ग म भ न’ हा क्रम टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. त्यामागे वळणांच्या सारखेपणाचा विचार आहे आणि हाताला सराव देण्यासाठी तो उत्तम आहे. वाचन मात्र गरजेच्या शब्दांपासून सुरू करावे. ज्या हातांनी वर्षानुवर्षे घमेली उचलली किंवा भांडी घासली, त्यांना बारीक पेन्सिल धरणे अवघड जाते. टोक मोडते आणि माणूस ओशाळतो. पहिले आठ-दहा दिवस फरशीवर खडूने वीतभर मोठे अक्षर गिरवू द्यावे आणि हात मोकळा झाला की मगच वहीकडे वळावे.

त्याआधी डोळे तपासावेत. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती सगळ्यांच्या नजरेतून सुटते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जवळचे अंधुक दिसू लागते, आणि चष्म्यालाही आपण ‘चाळिशी’च म्हणतो, पण ज्याने आयुष्यात कधी वाचले नाही, त्याला आपल्याला जवळचे दिसत नाही हे कळण्याचे कारणच पडलेले नसते. फार तर सुईत दोरा ओवता येत नाही, एवढीच त्याची तक्रार असते. आमच्या वर्गातील एका काकांना ‘डोक्यात शिरत नाही’ असे आम्ही दोन महिने समजत होतो. त्यांना चष्मा लागला आणि तिसऱ्या आठवड्यात ते दुकानांच्या पाट्या वाचू लागले.

वेळ शिकवणाऱ्याच्या सोयीने ठरवू नये. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवस त्यांच्या हातात नव्हता. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे 8 मार्च 2016 रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा दुपारी भरते, कारण तेव्हा आजींची कामे उरकलेली असतात. घरकाम करणाऱ्या बायकांना सकाळच्या आणि संध्याकाळच्या कामांमधली, साधारण दोन ते चार ही वेळ सोयीची पडते. नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुरांसाठी रात्री साडेआठच्या आधी काहीही ठरवू नये. त्यातही रोज तासभर धरण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस पाऊण तास धरावा. थकलेला माणूस त्यापुढे ऐकत असल्याचे फक्त दाखवतो. जागा शक्यतो वस्तीतीलच असावी, म्हणजे समाजमंदिर, बालवाडीची खोली किंवा मंडळाचे कार्यालय. सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायचा असेल, तर फाटकावरच्या नोंदवहीत रोज अंगठा उमटवून आत यावे लागणार नाही, एवढे आधी पाहून घ्यावे.

संबोधनाबाबत एक गोष्ट सांगतो. सोसायटीत ‘बाई’ म्हणजे कामाला येणारी आणि शाळेत ‘बाई’ म्हणजे शिकवणारी. आमच्यातील एका शिक्षिकेला वर्गात सगळ्या जणी ‘बाई’ म्हणू लागल्या, तेव्हा त्यांच्याच घरी काम करणाऱ्या मावशी पहिल्यांदा ते म्हणताना अडखळल्या. तेव्हापासून शिकवणाऱ्यांनी प्रत्येकीला ताई किंवा मावशी म्हणावे, अहो-जाहो करावे आणि कोणाच्याही घरचे काम वर्गात काढू नये, असा नियम आम्ही घालून घेतला आहे.

अंकांचे शिक्षण वेगळ्या अंगाने करावे लागते. प्रौढांना हिशेब येतो. भाजीवालीला बेरीज शिकवायला जाणाऱ्याची फजिती ठरलेली आहे. त्यांना येत नाही ते अंक लिहिणे आणि वाचणे, आणि इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की शहरात दोन लिप्यांचे अंक एकत्र नांदतात. बसच्या पाटीवर देवनागरी अंक असतात, मोबाइलवर इंग्रजी. आणि देवनागरी ‘१’ हा इंग्रजी ‘9’ सारखा दिसतो. त्यामुळे फोन नंबर लिहिताना होणारी चूक निष्काळजीपणाची नसते, हे आधी शिकवणाऱ्याने समजून घ्यावे आणि दोन्ही अंक शेजारी-शेजारी ठेवून शिकवावेत. दुसरा खळगा आपल्या भाषेतच आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी कानावर येतात आणि वीस नंतर, म्हणून नवशिका माणूस ऐकले तसे लिहितो आणि 25 चे 52 होतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 2019 साली ‘वीस पाच’ अशी रीत आली तेव्हा बराच गदारोळ झाला होता. मुलांच्या बाबतीत कोणाचे काय म्हणणे असेल ते असो, प्रौढांना लिहिण्यापुरती ती शिडी फार उपयोगी पडते. बोलताना मात्र त्यांचे ‘पंचवीस’ त्यांच्यापाशीच राहू द्यावे. सरावासाठी नोटा, लाइट बिल आणि औषधाच्या पाकिटावरील मुदतीची तारीख पुरते.

आता सहीविषयी. बहुतेक जण वर्गात येतात ते ‘अंगठा सोडायचा आहे’ असे म्हणून, आणि ही इच्छा खरी व मानाची असते, म्हणून नाव लिहायला पहिल्याच महिन्यात शिकवावे. परंतु तिथेच थांबणारे वर्ग माणसाला अधिक असुरक्षित करून सोडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगठा उठवताना बँकेत साक्षीदार लागतो, कागद वाचून दाखवला जातो, निदान तशी अपेक्षा असते. सही केली की वर काय लिहिले आहे ते तुम्हाला समजले, असे समोरचा गृहीत धरतो. जनगणनेतही साक्षरतेची अट अशी आहे की सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता आले पाहिजे. नुसती सही त्यात बसत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82 टक्क्यांहून अधिक निघाली. राहिलेल्या माणसांकडे सहीचे शिबिर भरवून पाहिले, तर आकडा हलेल आणि कर्जाच्या कागदावर फसणारेही वाढतील.

म्हणून सही आली की लगेच फॉर्मवरचे शब्द घ्यावेत. अर्ज, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक, स्वाक्षरी, हमीदार, व्याज, हप्ता ही यादी पाहिली तर ध्यानात येईल की हा बहुतेक जोडाक्षरांचा कारभार आहे. ‘अर्ज’मधला र डोक्यावर बसतो, ‘क्रमांक’मधला पायाशी जातो, आणि ‘र कुठे गेला?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच. नियम सांगण्यापेक्षा एकाच दिवशी ‘अर्ज, कर्ज, खर्च’ आणि दुसऱ्या दिवशी ‘क्रमांक, पत्र, चक्र’ असे गट घ्यावेत. ‘कर्ज’ हा शब्द कोणी विसरत नाही. बँकेतील अंगठा बदलून सही नोंदवायची असेल, तर ती महिनाभर सारखी येऊ लागल्यानंतरच जावे. आमच्या दोघी घाईने गेल्या आणि पुढे पैसे काढताना सही जुळेना म्हणून काउंटरवर ताटकळल्या. त्यात दोष आमचाच होता.

तरुणांचा वर्ग वेगळा ठेवावा. पाचवी-सहावीत शाळा सुटलेला वीस वर्षांचा मुलगा आपल्याला वाचता येत नाही हे शिताफीने लपवतो. तो बोलून मेसेज पाठवतो, बोलून शोधतो, आणि डिलिव्हरीचा पत्ता नकाशाने काढतो. त्याला अक्षरे ओळखता येतात, पण ओळ संपेपर्यंत अर्थ निसटतो. त्याला गिरवायला बसवू नये. रोज दहा मिनिटे त्याच्या धंद्यातील मजकूर मोठ्याने वाचायला लावावा आणि पुढची पायरी डोळ्यांसमोर ठेवावी. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी आणि आठवीच्या स्तराची परीक्षा देता येते, आणि शाळा सोडल्याचा दाखला हाताशी असेल तर राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म आहे. दाखला गावच्या शाळेत अडकलेला असतो, म्हणून मे महिन्यात गावी जाणाऱ्याला तो आणण्याची आठवण आधीच करून द्यावी.

सरकारी चौकटीचाही उपयोग करून घ्यावा. केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, 2022 ते 2027 या काळासाठी असून तो 15 वर्षांवरील निरक्षरांसाठी आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा आहे. जवळच्या शाळेत जाऊन शिकणाऱ्यांची आणि स्वतःची नोंद करावी. या कार्यक्रमातील परीक्षा 150 गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 गुण असतात. काही जणांना ‘परीक्षा’ या शब्दानेच घाम फुटतो, त्यांना बळेच बसवू नये. परंतु प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्या मावशीही मी पाहिल्या आहेत.

गळती होणारच. पेरणीला, जत्रेला, लग्नसराईला माणसे गावी जातात, आणि नाक्यावरचा मजूर साइट बदलली की थेट पनवेलच्या पुढे जातो. अशा वेळी ‘पहिल्यापासून सुरुवात करू’ हे वाक्य उच्चारू नये, कारण ते ऐकून माणूस परत येत नाही. प्रत्येकाच्या नावाचे एक कार्ड ठेवावे, त्यावर शेवटचा धडा टिपावा आणि परतल्यावर तिथूनच उचलावे.

वाचता येऊ लागले हे कधी म्हणावे, यासाठी आमच्याकडे एकच कसोटी आहे. पूर्वी न दाखवलेला कागद द्यावा. आम्ही बहुधा पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना देतो. त्यात तारीख असते, वेळ असते, विभागांची नावे असतात, आणि ‘शुक्रवार’, ‘दुरुस्ती’ अशी जोडाक्षरेही असतात. मोठ्याने वाचून दाखवल्यावर लगेच शाबासकी देऊ नये, थोडे थांबावे. अडखळत का होईना, पण वाचून झाल्यावर वाचणाऱ्या मावशीने कागद खाली ठेवला आणि ‘म्हणजे उद्या रात्रीच पिंपं भरून ठेवायला हवीत’ असे आपणहून म्हटले, की तिच्या कार्डावर पुढच्या धड्याचा आकडा लिहावा.