स्नायूंचं आकुंचन: उत्तरपत्रिकेत आणि गडाच्या उतारावर या चुका टाळा

स्नायूंच्या आकुंचनाची आकृती बरोबर आहे का, हे पाहायची एक झटपट युक्ती आहे: ए पट्ट्यावर, म्हणजे सार्कोमिअर या आकुंचनाच्या सर्वांत छोट्या एककाच्या मधल्या गडद पट्ट्यावर, मोजपट्टी ठेवायची. शिथिल आणि आकुंचित अशा दोन सार्कोमिअरच्या आकृत्या शेजारी शेजारी काढलेल्या असतात. दुसरीत ए पट्टा आखूड झाला असेल, तर खाली कितीही सुंदर अक्षरात सरकत्या धाग्यांचा सिद्धांत लिहिलेला असो, तो पाठ केलेला आहे, कळलेला नाही. अकरावीचा वर्ग असो, नीट परीक्षेची तयारी असो की जिममधला सल्ला, स्नायूंबद्दलच्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून निघतात. स्नायू आखूड होतो, म्हणजे त्याच्या आतलं काहीतरी आक्रसत असणार, ही ती समजूत.

आत काहीही आक्रसत नाही

आधी रचनेची उतरंड पक्की करा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. आपण ज्याला दंडाचा स्नायू म्हणतो तो स्नायुतंतूंच्या जुड्यांचा बनलेला असतो. एक स्नायुतंतू म्हणजे एक अख्खी पेशी, अनेक केंद्रकं असलेली आणि कधी कधी कित्येक सेंटिमीटर लांब. या पेशीच्या आत शेकडो स्नायुतंतुकं लांबीच्या दिशेने भरलेली असतात. प्रत्येक तंतुक म्हणजे एकापुढे एक जोडलेले सार्कोमिअर, आणि सार्कोमिअरमध्ये मायोसिनचे जाड व ॲक्टिनचे बारीक धागे. ‘तंतू’ हा शब्द पेशीसाठी आणि धाग्यासाठी एकाच परिच्छेदात वापरलात, तर परीक्षकाचं सोडा, दोन ओळींनंतर तुमचाच घोळ होईल.

ए पट्ट्याची लांबी म्हणजे जाड धाग्यांची लांबी, साधारण 1.6 मायक्रोमीटर. आकुंचनात ती बदलत नाही. बारीक धाग्यांचीही बदलत नाही. बारीक धागे जाड धाग्यांच्या मधून आत सरकतात, सार्कोमिअरच्या दोन टोकांच्या झेड रेषा जवळ येतात, नुसते बारीक धागे असलेला आय पट्टा आणि नुसते जाड धागे असलेलं एच क्षेत्र अरुंद होतात. बस, एवढंच. रस्सीखेचीत दोर आखूड होत नाही आणि ओढणाऱ्यांचे हातही आखूड होत नाहीत, तसंच हे.

हे 1954 पर्यंत शास्त्रज्ञांनाही स्पष्ट नव्हतं. प्रथिनांचे रेणूच घडी पडून आखूड होत असावेत, असं अनेकांना वाटे. त्या वर्षी मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, बेडकाच्या जिवंत स्नायुतंतूंवरचा. दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, सशाच्या स्नायुतंतुकांवरचा. निष्कर्ष एकच: ए पट्टा तसाच राहतो. दोघांचं आडनाव सारखं म्हणून उत्तरात त्यांना भाऊ करून टाकू नका.

‘एवढ्याशा सरकण्याने हात कसा उचलला जातो?’ हा प्रश्न पडला तर गणित करून पाहा. सार्कोमिअर 2.5 मायक्रोमीटरचा धरला, तर 10 सेंटिमीटरच्या तंतुकात 40,000 सार्कोमिअर एका रांगेत बसतात. प्रत्येक जण अर्धा मायक्रोमीटर आखूड झाला, की एकूण फरक 2 सेंटिमीटरचा. दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असल्यामुळे तेवढ्यात तळहात कितीतरी मोठा कंस कापतो.

एटीपी चुकीच्या जागी बसवणं

एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. ‘एटीपीमुळे मायोसिन ॲक्टिनला चिकटतं’ हे वाक्य फार उत्तरांत सापडतं आणि ते नेमकं उलटं आहे. नवा एटीपी येऊन मायोसिनच्या डोक्याला जोडला जातो, तेव्हा ते ॲक्टिनला सोडतं. मग एटीपीचं विघटन होऊन डोकं ताणलेल्या स्थितीत जातं, पुढच्या जागी ॲक्टिनला धरतं, आणि फॉस्फेट बाहेर पडताना धागा ओढतं. म्हणजे ऊर्जा आधीच भरून ठेवलेली असते, ओढण्याच्या क्षणी खर्च होते, आणि सुटण्यासाठी पुन्हा नवा एटीपी लागतो.

आपण लिहिलेलं चक्र बरोबर आहे का, हे मृत्यूनंतरच्या ताठरपणावर तपासा. मृत्यूनंतर काही तासांत स्नायू कडक होतात, कारण एटीपी संपतो आणि मायोसिनला ॲक्टिन सोडताच येत नाही. पुढे एक-दोन दिवसांत हा ताठरपणा जातो, तो एटीपी परत आला म्हणून नव्हे. प्रथिनंच तुटायला लागतात म्हणून. तुमच्या चक्रानुसार एटीपी नसलेला स्नायू सैल पडत असेल, तर बाण उलटा काढलाय.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. स्नायू शिथिल होणं हेही फुकट होत नाही. आकुंचन सुरू करायला बाहेर सोडलेलं कॅल्शियम पुन्हा पेशीतल्या जाळीत, म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, ओढून घ्यायला एटीपीवर चालणारे पंप लागतात.

कॅल्शियम आणि ट्रोपोनिन

कॅल्शियम मायोसिनला नाही, बारीक धाग्यावरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला जोडलं जातं. त्यामुळे जागा झाकणारं ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं आणि मायोसिनने धरायच्या ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात. हे पट्टकी आणि हृद स्नायूंपुरतं खरं. आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांच्या अपट्टकी स्नायूंत ट्रोपोनिन नसतं. तिथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या दुसऱ्या प्रथिनाला जोडलं जातं. सार्कोमिअरही नसतात, म्हणून पट्टे दिसत नाहीत. ‘तिन्ही प्रकारच्या स्नायूंत’ अशी सुरुवात करून सगळीकडे ट्रोपोनिन चिकटवणाऱ्यांचा गुण इथे जातो.

सगळं किंवा काहीच नाही, पण कोणाचं?

संदेश मिळाला तर पूर्ण आकुंचन, नाही तर अजिबात नाही, हा नियम एका स्नायुतंतूला लागू आहे, अख्ख्या स्नायूला नाही. तसं असतं तर चहाचा कप उचलताना आणि पाण्याचा हंडा उचलताना सारखाच जोर लागला असता. स्नायूला संदेश देणारी एक चेताप्रेरक पेशी आणि तिने चालवलेले सगळे तंतू मिळून एक एकक होतं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत अशा एककात जेमतेम दहाएक तंतू असतात, पोटरीत हजाराच्या वर. जोर वाढवायचा तर मेंदू जास्त एककं कामाला लावतो आणि संदेशांचा वेग वाढवतो. जिममध्ये पहिल्या काही आठवड्यांत उचलता येणारं वजन झपाट्याने वाढतं, दंड मात्र तेवढाच दिसतो, त्याचं कारण हेच: आधी चेतासंस्था शिकते. चरबीचा स्नायू होत नाही, हेही जाता जाता. दोन्ही ऊती वेगळ्या.

ओढणं, ढकलणं आणि दुखणारे पाय

स्नायू फक्त ओढू शकतो. भिंत ढकलतानाही. तळहाताने टेबल खाली दाबा आणि दुसऱ्या हाताने दंडाची मागची बाजू चाचपा, ती घट्ट लागेल. मागचा स्नायू कोपर सरळ करायला ओढतोय. हाडाशी त्याला जोडणारा तो स्नायुरज्जू. अस्थिबंध हाडाला हाड जोडतो. ही अदलाबदल कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडूनही होते.

काम करणारा स्नायू नेहमी आखूडच होतो, हेही खरं नाही. राजगड किंवा हरिश्चंद्रगड उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत असतो आणि त्याच वेळी लांबत असतो. गुडघा एकदम मुडपू नये म्हणून तो ब्रेक लावतो. अशा लांबत्या कामात सार्कोमिअरना बारीक इजा होते. म्हणून चढताना दम लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुखतं ते उतरण्याने.

या दुखण्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडायची सवय सोडा. हे ॲसिड शरीरात लॅक्टेटच्या रूपात असतं, आणि ते व्यायामानंतर तासाभरात रक्तातून बरंचसं निघून जातं. मांड्या भरून येतात 24 ते 72 तासांनी. त्यामुळे ‘ॲसिड निघायला’ मालिश, लिंबूपाणी वगैरेंचा उपयोग नाही. मालिशने बरं वाटतं, ती जरूर करा, पण कारण ते नव्हे. उपयोगी पडतो तो आधीचा सराव: मोठ्या ट्रेकच्या एक-दोन आठवडे आधी एखादी टेकडी किंवा जिने मुद्दाम उतरून या, लिफ्टने वर जाऊन पायी खाली आलात तरी चालेल. एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढच्या वेळी खूपच कमी दुखतो. प्रत्यक्ष उतारावर पावलं छोटी ठेवा आणि काठी वापरा.

साधं दुखणं चार-पाच दिवसांत जातं आणि हलक्या चालण्याने कमी होतं. मात्र अतिश्रमानंतर स्नायू प्रचंड सुजले, जोरच लागेना आणि लघवी गडद तपकिरी होऊ लागली, तर तुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात उतरत असण्याची शक्यता असते. तेव्हा घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा.