जुनी सुतारी हत्यारे विकत घेताना या चुका टाळा

पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुना बाजार असो वा मुंबईत शुक्रवारी पहाटे मटण स्ट्रीटच्या परिसरात मांडला जाणारा चोर बाजार, सुतारी हत्यारांच्या ढिगापुढे बसलेला नवखा ग्राहक बहुधा गंजलेला रंधा खाली ठेवतो आणि चकाकणारा उचलतो. वरवरचा गंज रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून सकाळी घासला की निघतो. ओतीव लोखंडाला गेलेली भेग, झिजून संपलेले पोलाद आणि दुसऱ्याच रंध्यातून आणून बसवलेले सुटे भाग मात्र पैसे आणि वेळ दोन्ही खातात. त्यामुळे हत्यार किती खराब दिसते याऐवजी त्यातले काय दुरुस्त होणार नाही, हे आधी पाहावे.

ताज्या रंगाला भुलणे

लोखंडी रंध्याच्या अंगाला नवा काळा रंग दिलेला असेल तर तो कशासाठी दिला, असा प्रश्न पडायला हवा. ओतीव लोखंड ठिसूळ असते, आणि रंधा एकदा जरी फरशीवर पडला तरी त्याच्या दोन्ही बाजूंच्या पातळ भिंतींना किंवा तोंडाच्या, म्हणजे पाते जिथून बाहेर येते त्या फटीच्या, कोपऱ्यांना भेग जाते. रंगाखाली ही भेग सहज झाकली जाते. पाते काढून तोंडाचे चारही कोपरे आतून-बाहेरून टॉर्चच्या उजेडात पाहावेत. कुठे पितळी छटेची बारीक रेघ दिसली, तर तेथे जोडकाम झालेले आहे असे समजावे. शक्य असल्यास सगळे सुटे भाग उतरवून नुसता सांगाडा बोटावर तोलून धरावा आणि हलकेच टिचकी मारावी. अखंड ओतकाम खणखणते, भेगाळलेले बद्द वाजते.

पट्ट्याच्या घासणी यंत्रावर चकचकीत केलेला तळ हा याहून फसवा असतो. अशा घासणीत तळाच्या कडा गोल होतात आणि दोन्ही टोके खाली उतरतात. खिशात सहा इंची पोलादी पट्टी ठेवावी आणि ती तळावर उभी धरून उजेडाकडे पाहावे. तळ सगळीकडे सपाट असण्याची गरज नाही, पण पुढचे टोक, तोंडाच्या लगेच पुढची जागा आणि मागचे टोक ही तीन ठिकाणे एका पातळीत टेकली पाहिजेत. तोंडापाशी खोलगट असलेला रंधा बारीक ढलपी काढत नाही. थोडीशी तफावत काचेवर एमरी पेपर चिकटवून घासता येते, मात्र घासताना पाते आत ओढून नेहमीसारखे आवळलेले ठेवावे, कारण त्या ताणाने सांगाड्याचा आकार किंचित बदलतो.

पोलाद किती उरले हे न पाहणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ पटाश्या आणि रंध्याची पाती अखंड पोलादाची नसतात. मऊ लोखंडाच्या पट्टीवर धारेच्या बाजूला कठीण पोलादाचा पातळ थर भट्टीत जोडलेला असतो, आणि हा थर पात्याच्या पूर्ण लांबीवर नसतो. वर्षानुवर्षे धार लावता लावता पाते आखूड होत जाते आणि एक दिवस पोलादाचा थर संपतो. उरते ते लोखंड, ज्याला दगडावर सुंदर धार येते पण सागवानावर चार हात मारताच ती बोथट होते. ग्राहकाला वाटते की आपल्याला धार लावता येत नाही, आणि तो आणखी महागडे दगड आणत राहतो.

याची परीक्षा सोपी आहे. धारेचा उतार बारीक एमरीने घासून उजळवला की जोडणीची रेषा दिसते, कारण पोलाद आणि लोखंड वेगवेगळ्या छटेने चमकतात. रेषा दिसत नसेल, तर धारेजवळ पाठीवर, म्हणजे उताराच्या उलट सपाट बाजूवर, बारीक कानस हलकेच चालवावी. कठीण पोलादावर ती घसरते, मऊ लोखंडात रुतते. मात्र संपूर्ण पाते एकजिनसी पोलादाचे असले, तरी धारेच्या बाजूचाच भाग कठीण केलेला असू शकतो, म्हणून चाचणी धारेजवळच घ्यावी आणि विक्रेत्याला आधी विचारावे.

गंजाचे खड्डे कुठे आहेत, हे ते किती आहेत यापेक्षा महत्त्वाचे असते. धार म्हणजे उतार आणि पाठ या दोन पृष्ठांची भेट. म्हणून पाठीच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये खोल खड्डे असतील तर धार तितक्या ठिकाणी तुटक येणार. तेच खड्डे मुठीकडच्या अर्ध्या भागात असतील तर त्यांकडे दुर्लक्ष करून किमतीची खुशाल घासाघीस करावी. धारेजवळ निळा डाग दिसला तर कोणीतरी यंत्रावर घासताना पाते तापवलेले आहे. साधे कार्बन पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळे पडते आणि मऊ होते. डाग लहान असेल तर तेवढा भाग पाण्यात बुडवत, सावकाश घासून काढता येतो.

अनेक जुन्या पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा असतो. तो वाचून ‘ओतीव लोखंड दिसते’ असे म्हणत पटाशी परत ठेवणारे ग्राहक आहेत. बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात इंग्लंडमधील शेफील्डजवळ मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची पद्धत बसवली आणि त्यामुळे सर्वत्र सारखे, उत्तम पोलाद मिळू लागले. हा ठसा त्या मुशीतल्या पोलादाचा आहे आणि तो असलेली पटाशी सोडू नये.

ओतलेली तारीख म्हणजे जन्मसाल समजणे

अमेरिकेच्या स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये लेनर्ड बेली या रंधे बनवणाऱ्याच्या रंध्यांचे हक्क घेतले आणि आज बाजारात दिसणारे बहुतेक लोखंडी रंधे त्याच आराखड्याचे आहेत. शेफील्डची रेकॉर्ड, आपल्याकडची अनंत, सगळ्यांनी थोड्याफार फरकाने तोच आराखडा उचलला. काही स्टॅनली रंध्यांच्या पोटात मार्च १९०२, ऑगस्ट १९०२ किंवा एप्रिल १९१० अशा पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. रंधा त्या वर्षी बनला असे त्यावरून ठरत नाही, फक्त त्याआधी बनलेला नाही एवढेच कळते. ‘शंभर वर्षे जुना’ म्हणून वाढीव दर मागणाऱ्याला हे शांतपणे सांगता येते. तुम्हाला कपाटात ठेवायचा नसून वापरायचा असेल, तर स्टॅनलीच्या मापांतला क्रमांक ४ (लांबी सुमारे साडेनऊ इंच) किंवा क्रमांक ५ (सुमारे चौदा इंच) घ्यावा. या दोन्हींची पाती दोन इंची असल्याने बदली पाते मिळणे सोपे जाते. क्रमांक १ संग्राहकांसाठी सोडून द्यावा.

सुटे भाग एकाच रंध्याचे आहेत असे गृहीत धरणे

ढिगातला रंधा अनेकदा दोन-तीन रंध्यांची जुळवाजुळव असते. खोली बदलणारे पितळी चाक फिरवले तरी पाते हलत नसेल, किंवा हलूनही तोंडाबाहेर येत नसेल, तर कॅप आयर्न, म्हणजे पात्यावर स्क्रूने आवळलेली लोखंडी पट्टी, दुसऱ्या बनावटीची असण्याची शक्यता मोठी आहे. तिच्यातील लहान चौकोनी खाचेची जागा प्रत्येक बनावटीत सारखी नसते. पाते आणि कॅप आयर्न एकमेकांवर आवळून, धारेजवळ दोघांमध्ये फट दिसते का, हे उजेडाकडे धरून पाहावे. ही फट असली की ढलप्या तिच्यात शिरून अडकतात, आणि वापरणारा उगाचच तोंड रुंद करत बसतो. रंधा लाकडावर थरथरत असेल तर पाते ज्या तिरक्या बैठकीवर, म्हणजे फ्रॉगवर बसते, तो खाली नीट टेकला आहे का आणि त्याचे स्क्रू आवळले आहेत का, हे पाहावे. पाते उलटे बसवलेले असणे हेही सर्रास आढळते. या रंध्यांत धारेचा उतार खालच्या बाजूला असतो.

स्क्रू हरवलेला रंधा ‘हार्डवेअरच्या दुकानात मिळेल’ असे म्हणून घेऊ नये. स्टॅनलीच्या बऱ्याच स्क्रूंचे आटे प्रमाणित मापाचे नाहीत. जवळपासचा स्क्रू जोर लावून बसवला की ओतकामातले मूळ आटे कायमचे जातात.

करवत आणि लाकडी रंधा

करवतीचे दात बोथट असणे, वाकडेतिकडे असणे, अगदी दोन-चार तुटलेले असणे हे सगळे तिकोनी कानशीने सुधारते. धारेच्या रेषेवरून डोळा लावून पाहावे. संपूर्ण पाते हलक्या कमानीत असेल तर ते सरळ करता येते, पण एका जागी चुणी पडली असेल तर अनुभवी कारागिराशिवाय ती निघत नाही. दातांच्या लगत खोल खड्डे असलेली करवत घेऊच नये, कारण दातांना मोड देताना ते तिथेच तुटतात.

लाकडी रंध्याचे तोंड झिजून रुंद झाले असेल तर तळाला शिसवीचा तुकडा बसवता येतो. पाते आवळणारी पाचर जिथे अडते त्या आतल्या खांद्यांना भेग असेल तर मात्र सौदा तिथेच थांबवावा. जळक्या ऑइलमध्ये बुडवून ‘पॉलिश’ केलेला रंधाही टाळावा, कारण तेल प्यायलेल्या लाकडाला पुढे गोंद धरत नाही.

घरी आणल्यावर

व्हिनेगरमध्ये लोखंड दिवसेंदिवस ठेवू नये, कारण गंज संपला की आम्ल चांगल्या धातूला लागते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, लगेच पुसून वाळवावे आणि तेलाचा हात द्यावा. हवेत ठेवलेले ओले लोखंड काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. लाकडी मुठी आधी काढून ठेवाव्यात. विजेने गंज काढणार असाल तर धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात दुसऱ्या टोकाला साधे लोखंड लावावे, स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरते. करवतीवरील कोरीव नाममुद्रा तारेच्या ब्रशने पुसून जाते, म्हणून तेवढ्या भागावर सपाट ठोकळ्याला गुंडाळलेला बारीक एमरी पेपर हलक्या हाताने फिरवावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत हत्यारे बांधून ठेवण्याची सवय असते. आत अडकलेल्या दमटपणामुळे ती उघड्यावरल्यापेक्षा लवकर गंजतात. तेल लावलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ती लाकडी पेटीत ठेवावीत आणि महिन्यातून एकदा पेटी उघडून पाहावी.